बागेतली पाठराखण

सामाईक परसबागेत वांगी कमी अन् किस्से जास्त पिकतात. आरमोरीकडच्या आमच्या गावातल्या शांताला रानात वाघाने नेलं, तेव्हापासून बायांची झोप उडाली होती. शेतात एकटं जायला कुणी धजेना. मी अंगणवाडीतून निवृत्त झालेली, साऱ्या गावाची ‘बाई’. म्हटलं, बुद्धविहाराच्या मागे मिळून भाजी लावू या, हात मातीत गेले की जीव थाऱ्यावर येतो.

*

वाघ मागून येतो म्हणून बाया निंदताना डोक्याच्या मागे माणसाच्या चेहऱ्याचे मुखवटे बांधत. बागेला तारेचं कुंपण, तरी! तालुक्याची नर्स एकदा बायांची तब्येत पाहायला आली. पाच मिनिटं एकीला विचारत राहिली, झोप येते का, भूक लागते का. मग मला म्हणाली, "ही बाई काहीच बोलत नाई."

म्हटलं, "मॅडम, तिचं तोंड तिकडं हाये. तुम्ही मुखवट्याशी बोलून राह्यल्या."

*

एका दुपारी मोहाच्या झाडावरचे वांदर, वाघ दिसला की ओरडतात तसे, ओरडू लागले. आम्ही साऱ्या पाठीला पाठ लावून गोल उभ्या. झुडपातून निघाली बकरी! हसून हसून पोटं दुखली. शांता गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदाच हसत होतो. बकरी गेल्यावरही वांदर गप्प झाले नव्हते, हे घरी पोचल्यावर ध्यानात आलं.

*

शांताच्या नावाचा एक वाफा ठेवला होता. तिचा नवरा वामनभाऊ सकाळी पाणी घालायला यायचा, तर वाफा आधीच ओला. सगळ्यांना विचारलं, कुणीच घातलं नव्हतं. वामनभाऊ चिखलाकडे बघत म्हणाला, "तिले सवयच होती, जास्त पानी टाकाची."

*

सुनंदा ही शांताची जाऊ. आमच्याकडे रानात एक वाकते, तेव्हा दुसरी मागे उभी राहून राखण करते. तेंदूपत्ता तोडताना शांता वाकलेली अन् राखणीला सुनंदा होती. चांगलं पान दिसलं म्हणून तिने मान वळवली, तेवढ्यातच झालं. तेव्हापासून ती बोलली नाही. बागेतही कधी खाली बसली नाही, सगळ्यांच्या मागे नुसती उभी. ही पोरगी हातची जाते की काय, ही धास्ती मला खात होती.

परवा पाहते तर सुनंदा मेथीत वाकून निंदत होती. मुखवटा नाही, मागे कुणी नाही. माझे डोळे भरून आले. मी लगबगीने जाऊन तिच्या मागे उभी राहिले.

वर न बघता ती म्हणाली, "बाई, थोडं बाजूले सरका. तिथं शांता उभी हाये."

मी सरकले.