लाल स्टिकरवरचा ‘प्र’

माझं डोकं तापलं की मी बोलून मोकळी होते. प्रभाताईचं तसं नाही, म्हणून तिचं मी सांगते.

चाकणच्या आमच्या कंपनीत ई-रीडर बनतात, पुस्तकं वाचायच्या त्या पातळ पाट्या. शेवटी प्रत्येक पाटी आमच्या खोलीत येते. दाराला काळा पडदा, आत दोन खुर्च्या, एक प्रभाताईची अन् एक माझी. गेल्यागेल्या पाच मिनिटं नुसतं बसायचं, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. मग एकेका पाटीचा लाईट लावून बघायचं. खालच्या कडेला उजेडाचे झोत दिसले तर ‘टॉर्च’, धूळ अडकून ठिपका चमकला तर ‘चांदणी’, एक बाजू पिवळी पडली तर ‘हळद’. ही नावं प्रभाताईनंच पाडलेली.

ती कासारवाडीहून येते. वडील धोंडीबा पिंपरीच्या कारखान्यातून रिटायर झालेले, दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसणारे. ती म्हणायची, “तनुजा, आपण हे चार सेकंद बघतो गं. घेणारा वर्षानुवर्षं डोळ्यापुढं धरणार.” अकरा वर्षं कंत्राटावरच आहे. पण तिनं लाल स्टिकर लावून त्यावर ‘प्र’ लिहिला, की ती पाटी बाद. साहेबसुद्धा वाद घालायचे नाहीत. बाईकडं मिरवायला तेवढंच होतं.

दिवाळीनंतर लाईटचा माल दुसरीकडून यायला लागला अन् हळद वाढली. शंभरातल्या तीस पाट्या लाल. मग एका सकाळी क्वालिटीचे सार्थक सर एक पाटी घेऊन आले. आमच्या टेबलावर एक नमुना ठेवलेला असतो, लिमिट सॅम्पल. त्याच्याइतकं खराब चालेल, त्याच्यापुढं नाही.

“प्रभाताई, आजपासून नमुना हा. वरून मंजूर झालाय. फक्त तुमची सही लागते.”

मी पाटी उलटी केली. मागं लाल स्टिकर, त्यावर ‘प्र’. मंगळवारी तिनंच बाद केलेली.

“अहो सर, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा!” मी ओरडलेच. “तिनं टाकलेला पीस तिच्याच पुढं आणताय?”

सरांनी मान खाली घातली. पोरगा वाईट नाही तो. “मलाही पटत नाही, ताई. पण सही झाली नाही तर दोघींचं कंत्राट मार्चला संपवा म्हणालेत.”

दोघींचं. माझ्या दोन पोरी शाळेत आहेत, नवरा सहा महिने घरी बसलाय. एवढी तोंडाळ मी, पण ‘ताई, सही करू नको’ हे काही तोंडातून निघालं नाही. उलट ती नाही म्हणते की काय, याचीच मला भीती वाटली.

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग नखानं स्टिकर खरवडायला लागली. अर्धा निघाला, अर्धा चिकटून राहिला. राहिलेला तिनं स्पिरिटच्या फडक्यानं पुसला, पासचा हिरवा लावला अन् सही केली. सर थँक्यू म्हणून गेले.

आता शंभरात तीनचार लाल निघतात. गेल्या महिन्यात कंपनीची डोळेतपासणी झाली. डॉक्टर प्रभाताईला म्हणाले, “नजर अगदी पंचविशीतल्या पोरीची आहे हो!” ती “बरं” म्हणाली अन् रांगेतून बाजूला झाली.

काल एक पाटी आली, अर्धी अगदी पिवळीधमक. तिनं बघितली अन् हिरव्या ट्रेमध्ये ठेवली. मला राहवलं नाही.

“ताई, हळद दिसली नाही का?”

“दिसली.”

“मग काही वाटत नाही तुला?”

“पहिला आठवडाभर वाटलं. आता नाही वाटत.” तिनं पुढची पाटी उचलली. “तुझ्या पोरींची फी भरली का?”

“भरली,” मी म्हटलं.

“बरं झालं,” ती म्हणाली अन् त्या पाटीलाही हिरवा लावला.