पांढऱ्याची फॅशन

आक्काच्या लग्नाचा बस्ता साताऱ्याला बांधायचा, असं आबांनी जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली होती, "दहिवडीत कापड मिळत न्हाई व्हय?" पण आबा पलटणीत राहून आलेले. थोरल्या लेकीचं कापड मोठ्या दुकानातूनच घ्यायचं, हा त्यांचा हट्ट. आणि आक्काचा हट्ट त्यांच्याहून मोठा होता. तिला नायलॉन हवं होतं.

साठ सालानंतरचा तो काळ. नायलॉनच्या पातळांनी बायकांना नुसतं वेड लावलं होतं. धुवायचं, झटकायचं, घटकेत वाळतं, इस्त्रीची गरज नाही. चैत्र लागला की साताऱ्याच्या त्या दुकानात लग्नसराईचा नवा माल यायचा आणि काचेआडच्या पुतळीच्या अंगावरचं पातळ बदलायचं. आमच्या दुष्काळी माण तालुक्यात चैत्रात शेळ्यांना हिरवं पान दिसत नसे, आणि इथे पुतळी पोपटी रंगात उभी असायची.

आक्काला मात्र पोपटी नको होतं. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन काही वर्षं झाली होती. नव्या रीतीनं नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते. आमच्या गावात तसं पहिलंच लग्न आक्काचं. आमच्या वस्तीत सगळे खूश होते, पण गावातल्या बायका रानात भेटल्या की तोंडाला पदर लावून विचारायच्या, "पांढऱ्यात नवरी म्हंजी कसं गं? रांडमुंडच दिसंल की." आक्का ते ऐकून घ्यायची आणि घरी येऊन भांडी आदळायची. तिनं मनाशी ठरवलेलं होतं. पांढरं नेसायचं, पण नायलॉनचं, चकाकणारं, अंगभर चंदेरी बुट्टी असलेलं. तसलं नेसलेल्या पोरीला विधवा म्हणायची कुणाची छाती होणार नाही, असं तिला वाटत होतं.

आबांनी पलटणीतला खाकी कोट घातला, बुटांना पॉलिश केलं. एसटीनं आम्ही चौघं साताऱ्याला उतरलो. दुकानात स्वागत झकास झालं. "या, या पाव्हणं, वर बसा," म्हणत गुमास्त्यानं आम्हाला पांढऱ्याशुभ्र गादीवर बसवलं. आबांच्या मिशीवर आणि कोटावर तो भाळला असावा. "बस्ता का? वा! वधू कोण?" आक्का लाजली. गुमास्त्यानं ताडताड पातळं उलगडायला सुरुवात केली. एक तर स्वतःच्याच खांद्यावर टाकून, मान वेळावून दाखवलं. आईसुद्धा हसली. मग पाण्यासाठी त्यानं फडताळातून तांब्या-पेला काढला.

"हे समदं ब्येस हाय," आबा म्हणाले, "पर पांढरं दावा."

गुमास्त्याचा चेहरा लगेच दुखवट्याचा झाला. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "अरेरे. कोण गेलं?"

"कुणी गेल्यालं न्हाई. ह्या पोरीला नेसायचं हाय. लग्नात."

तो क्षणभर आबांकडे बघत राहिला. मग त्याला कळलं. आम्हाला कळलं की त्याला कळलं. भरलेला पेला त्याच्या हातात होता. तो त्यानं जसाच्या तसा फडताळात ठेवला आणि वर झाकण घातलं. वाईटसाईट एक शब्द बोलला नाही. आजही मला वाटतं, त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला आबांकडे उत्तर होतं.

"असलंच, नायलॉनचं, पांढरं," आक्का म्हणाली. तिनं उलगडलेल्या पातळावर हात ठेवला होता. गुमास्त्यानं ते तिच्या हाताखालून हळूच ओढून घेतलं.

"नायलॉनमध्ये पांढरं येत नाही. नेसणार कोण? फॅशनमध्ये पांढरं बसत नाही, बाई."

बोलता बोलता तो गादीवरची सगळी पातळं घड्या घालून उचलू लागला. मग आतल्या खोलीतून एक जाडंभरडं सुती पातळ आणून त्यानं आमच्यापुढे ठेवलं. बिनकाठाचं, खळीनं कडक. त्या दुकानाची एक रीत होती: दुखवट्याचं कापड उलगडून दाखवत नसत आणि बस्त्यात बांधत नसत. तेही त्यानं उलगडलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. शेजारी दुसऱ्या एका घरचा बस्ता चालला होता. मालक स्वतः उठून त्यांच्या गाठोड्याला हळदीकुंकू लावत होते. आम्हाला हळदीकुंकू नकोच होतं. पण नको म्हणायची संधी तरी द्यायची!

लग्न तोंडावर आलेलं. आबांनी बाजारपेठेतली उरलेली दुकानं पालथी घातली, पण लग्नसराईत पांढरं कोण मांडून ठेवतो? ते गुंडाळलेलं पुडकं घेऊन आम्ही एसटीत बसलो. आबांनी कोट काढून मांडीवर ठेवला होता आणि त्याचं बटण उगाच फिरवत होते. मला त्यांचा राग आला होता. पलटणीतला माणूस एका कापड विकणाऱ्यापुढे गप्प बसतो म्हणजे काय!

घरी आल्यावर आई म्हणाली, "जुन्या शालूची जर लावू काठाला. लग्नाचं दिसंल."

आक्का म्हणाली, "न्हाई. हाय तसंच नेसणार."

आणि तसंच नेसली. बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, आक्का खळीच्या त्या कडक कापडात ताठ उभी होती. वरात गावाच्या कडेनं निघाली तेव्हा ओट्यावरची एक म्हातारी मोठ्यानं बोललीच, "आगं बया, कुणाची गं ही विधवा?" सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्या मुलानंही ऐकलं. आक्कानं मान वळवली नाही, पण तिच्या हातातल्या फुलांचा चुरा झालेला मी पाहिला.

पुढच्या चैत्रात ती सांगलीच्या सासरहून भीमजयंतीला माहेरी आली. साताऱ्यात तिला घ्यायला मी गेले होते. स्टँडकडे जाताना तेच दुकान लागलं आणि आक्का थबकली. काचेआडच्या पुतळीनं पांढरं नायलॉन नेसलं होतं. चकाकणारं, अंगभर चंदेरी बुट्टी. तिनं मनात चितारलेलं अगदी तेच. वर पाटी होती: वसंत ऋतूची नवी फॅशन.

मी तिचा दंड धरला, पण ती पायरी चढलीसुद्धा. तोच गुमास्ता. आक्काच्या अंगावर सांगलीचं गर्द जांभळं पातळ होतं, पायात चपला. त्यानं ओळखलं नाही. "या ताई, वर बसा," म्हणाला आणि पुतळीच्या अंगावर होतं तसलंच पांढरं त्यानं ताडकन उलगडलं. "यंदा पांढऱ्याचीच फॅशन. चांगल्या चांगल्या घरच्या बायका नेतात. लग्नाला, रिसेप्शनला. पाणी घेणार?"

आक्का उभीच राहिली. त्या कापडाला तिनं बोटही लावलं नाही. आवाज खाली आणून तिनं विचारलं, "अरेरे. कोण गेलं?"

गुमास्ता गोंधळला. त्यानं आधी माझ्याकडे, मग पातळाकडे पाहिलं.

"कुणी नाही, ताई," तो हसत म्हणाला. "कुठं कोण गेलं?"

त्याला खरंच काही आठवत नव्हतं. त्यानं पेला भरला आणि अदबीनं आक्कापुढे धरला.