धक्क्याच्या उंचीचा ओटा

वाशीच्या मार्केटात जन्मभर पोती वाहिलेल्या धनाजीरावांना कुठलीही वस्तू दिसली की आधी तिचं वजन दिसायचं. वरातीतला घोडा पुढ्यात आला तरी हा माणूस मनात म्हणणार, चार क्विंटलला मरण नाही. पण एके दिवशी मुलगा निशांत आणि सून तेजश्री 'नुसतं बघायला चला' म्हणत त्यांना आणि त्यांच्या बायकोला, शकुबाईंना, जासईच्या रस्त्यावर, कंटेनर यार्डांच्या रांगेतल्या एका दगडांच्या वखारीत घेऊन गेले, आणि तिथं धनाजीराव वजन करायचंच विसरले.

भिंतीएवढ्या लाद्या एकीला एक लावून उभ्या होत्या. काळ्या, करड्या, हिरवट, आणि एक तर अशी, की आत कुणीतरी दिवा लावून ठेवलाय. त्यांच्या डोळ्यांदेखत क्रेननं एक लादी चिमटीत धरली आणि दोरीवरचं धोतर हलावं तशी ती हवेतून पलीकडे गेली. धनाजीरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"शके, बघ गं," ते बायकोला म्हणाले. "ह्ये समदं डोंगराच्या पोटात अंधारात पडल्यालं. कुनी बगाय नव्हतं तवाबी एवढंच देखनं आसंल का?"

शकुबाई नुसत्या हसल्या. नवऱ्याला थक्क व्हायची सवय होती. मॉलमधला सरकता जिनासुद्धा त्यांनी खाली उभं राहून तासभर पाहिला होता.

आता हे मंडळ दगड बघायला का गेलं, तर जुईनगरच्या त्यांच्या जुन्या बैठ्या घरातला स्वयंपाकाचा ओटा बदलायचा होता. तेजश्री लग्न होऊन आल्यापासून म्हणत होती. कडप्प्याची लादी लिंबा-चिंचेनं पांढुरकी पडली होती, कडेचे टवके उडाले होते, आणि सिंकजवळची चीर दर पावसाळ्यात थोडी पुढे सरकत होती. धनाजीरावांचं उत्तर ठरलेलं: घर पाडा, पण ओट्याला हात लावू नका. कारण सगळ्या घरात तो ओटा तेवढा त्यांचा स्वतःचा होता. घराचा ताबा मिळाला तेव्हा आत नुसत्या भिंती होत्या. कडप्प्याची लादी त्यांनी हमालांच्या टोळीतल्या दोस्तांना घेऊन टेम्पोतून पाठीवर उतरवली होती. मिस्त्रीनं उंची विचारली तेव्हा त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"आपल्या मार्केटातल्या धक्क्याएवढा बांध. माझ्या बायकूला जल्मात वाकाय लागू न्हाई."

धक्का म्हणजे गाळ्यापुढचा सिमेंटचा उंच चौथरा. त्याच्यावरून पोतं सरळ पाठीवर घेता येतं, खाली वाकावं लागत नाही. हमालाच्या जातीला एवढं एक शास्त्र पक्कं ठाऊक असतं, की वाकला तो संपला. शिवाय गावाकडं, कोरेगावला, त्यांच्या आईची कंबर चुलीपुढं अशी गेली होती की म्हातारीला शेवटी शेवटी समोरच्या माणसाचे पायच दिसत. बायकोचं तसं होऊ नये म्हणून त्यांनी ओटा धक्क्याएवढा केला, आणि ज्याला त्याला कौतुकानं दाखवला.

फक्त शकुबाई अंगानं चणीच्या लहान. नवऱ्याच्या छातीला लागतील एवढ्याच. दुसऱ्याच दिवशी त्यांनी जेवायला बसायचा शिसवी पाट ओट्यापुढं पालथा-उताणा करून पाहिला आणि त्याच्यावर उभ्या राहिल्या.

"पाट कशाला गं?" धनाजीरावांनी विचारलं होतं.

"लादी गार लागती पायाला."

माणूस भोळा. बायकोनं सांगितलं, ह्यांनी मानलं. तेव्हापासून दर दिवाळीला ते तिच्यासाठी लोकरीचे मोजे आणू लागले. नवी मुंबईच्या उकाड्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, शकुबाई मोजे घालून पाटावर उभ्या राहून भाकरी थापायच्या. आणि धनाजीराव शेजारपाजारी सांगायचे, आमच्या हिला थंडी लई बाधती. शेजारी काय म्हणत असतील ते म्हणोत.

वखारीत नंदकिशोर नावाचा विक्रेता तेजश्रीला पांढराशुभ्र क्वार्ट्झ दाखवत होता. दिसायला एक नंबर, पण तापलेला कुकर थेट ठेवू नका, डाग राहील, हेही त्यानं प्रामाणिकपणे सांगितलं. "मग नकोच," तेजश्री म्हणाली. "आमच्याकडे तवा उतरला की आधी ओट्यावरच." शेवटी सासू-सुनेचं एका काळ्या-तांबूस ग्रॅनाइटवर एकमत झालं. बाजरी सांडावी तसे त्यात दाणे होते. तसाच एक तुकडा कोपऱ्यात नमुन्याच्या ओट्यावर बसवलेला होता. "हात लावून बघा ना आजी," नंदकिशोर म्हणाला.

शकुबाई त्या ओट्यापुढं उभ्या राहिल्या. दगडावर तळवा फिरवला. मग आपसूक दोन्ही हात उचलून हवेतली भाकरी थापू लागल्या. थप, थप, थप. खांदे सैल, कोपर खाली. दोन्ही टाचा जमिनीवर.

आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की धनाजीराव लाद्या बघायचे विसरले.

"दादा, ह्यो एवढ्याच उंचीचा मिळंल का?" शकुबाईंनी विचारलं.

नंदकिशोर हसला. "अहो, सगळीकडे साधारण एवढाच असतो."

"मंग आपला?" धनाजीरावांनी मुलाकडं पाहिलं.

निशांत चाचरला. "आपला जास्त उंच आहे, आबा. आईला पुरत नाही. म्हणून तर पाट."

"गार लादीपायी हाय पाट."

तेजश्रीनं मान वळवली. धनाजीराव बायकोजवळ गेले.

"शके, बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? तुमी पाठीवरनं आनल्याला दगूड. त्यो मोडून खाली बसवा म्हनू?" शकुबाई दगडावरून हात काढेनात. "आन् माज्यासाठी कुनी काय बांदलं हुतं त्याच्या आदी?"

धनाजीराव एवढ्याशा त्या बाईकडं बघत राहिले. क्रेननं उचललेली लादी बघताना त्यांना जे झालं होतं, त्याच्या कितीतरी पट आता झालं. त्यांनी वाहिलेलं ओझं रोज संध्याकाळी खांद्यावरून उतरायचं. हिचं उतरलंच नव्हतं, आणि हिनं ते नवऱ्याच्या मायेचं म्हणून मिरवलं होतं. त्यांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा नवल मोठं होतं. एका माणसात एवढं मावतं?

"तोडा त्यो ओटा," ते निशांतला म्हणाले. "उद्याच तोडा."

ओटा तुटला तेव्हा ते दारात उभे होते. कडप्प्याचा चांगला राहिलेला तुकडा मिस्त्रीनं दाराबाहेर बसायला बसवून दिला, चांगला ठेंगणा. नवा ओटा झाला. पहिल्या दिवशी शकुबाईंचा पाय सवयीनं पाट चाचपडत राहिला, आणि चहा गाळता गाळता त्या स्वतःशीच हसल्या. धनाजीराव तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. स्वयंपाकघरात बायको नेहमी त्यांच्या खांद्याला यायची. आज ती छातीला लागत होती.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आपापलं हत्यार पुजायची रीत. दरवर्षीप्रमाणे धनाजीरावांनी पोत्याला लावायचा आपला जुना हूक घासूनपुसून चौरंगावर ठेवला. मग माळ्यावरून पाट काढला. मधोमध दोन टाचांच्या जागी लाकूड झिजून खोलगट झालं होतं. त्या दोन खळ्यांवरून त्यांनी बोटं फिरवली, पाट हुकाशेजारी ठेवला, आणि हळद-कुंकू वाहिलं.

"अवं, पाटाची कसली पूजा?"

"हत्यार हाय तुजं," धनाजीराव म्हणाले आणि हात जोडून खाली वाकले.

शकुबाई आत गेल्या, कपाट उघडलं, आणि गेल्या दिवाळीचा, घडीही न मोडलेला मोज्यांचा जोड आणून त्यांनी पाटावर ठेवला.