मोहाच्या लाडवांचा चुरा

चंद्रपूरच्या बचत गट मेळाव्यात मोहाचे लाडू घेऊन जायचं ठरलं तेव्हा गटातल्या बाकीच्या बायका हसल्या. मोहफूल म्हटलं की लोकांना दारूच आठवते, लाडू कोण घेणार? माझी मोठी जाऊ म्हणाली, "नाई घेतले तं आपण खाऊ. चाल." ती तोवर मूल गावाच्या पुढे कधी गेली नव्हती.

सावलीहून निघालेली आमची एसटी मूलच्या पुढे जंगलात बंद पडली. दुसरी गाडी कधी येईल ते कंडक्टरलाही ठाऊक नव्हतं. शेवटी भाजीच्या पिकअपवाल्याला हात केला. "भाऊ, मेळाव्यात जाऊन राह्यलो, घ्या ना आम्हाले." त्यानं मागे वांग्यांच्या पोत्यांवर बसवलं. रस्त्याचं काम चाललेलं. प्रत्येक खड्ड्यात लाडवांचा पत्र्याचा डबा उडायचा आणि आतून खडखड यायची. जाऊ डब्याला बिलगून बसली होती.

मैदानावर पोचून झाकण काढलं, तर वरचे थोडे लाडू शाबूत, खाली नुसता चुरा. मला रडूच आलं. जाऊनं चिमूटभर तोंडात टाकला.

"चव तं तेच आहे वो. रडतं काऊन?"

शेजारच्या स्टॉलवर पळसाचे द्रोण विकायला होते. तिनं त्या बाईकडून थोडे मागून घेतले, चुरा त्यात भरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "मोहफूल, तीळ, शेंगदाणे, गूळ. दुधात टाकून खा." एका शाळेच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांनी चाखला, मैत्रिणींना बोलावून आणलं. दुपारपर्यंत चुरा संपला आणि शाबूत लाडू तसेच राहिले! परतताना आम्ही तेच खात आलो.

त्या वाटेवर जाऊ म्हणाली, "लाडू गोल असते, डब्यात नाचते. वडी केली तं पडून राहीन."

घरी आल्यावर वड्यांच्या मागे लागलो. पहिला पाक कच्चा राहिला, दुसरा इतका कडक झाला की सासऱ्यांनी हसत विचारलं, "दात कोणाचे मागून आणू?" तिसऱ्यांदा जमलं.

उन्हाळ्यात त्या वड्या घेऊन गडचिरोलीला निघालो. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून ड्रायव्हरनं डबा इंजिनच्या झाकणावर ठेवायला सांगितलं. गडचिरोली येईस्तोवर सगळ्या वड्या वितळून एकच मोठी ढेप झालेली. या वेळी मात्र मी रडले नाही. दोघी एकमेकींकडे पाहून इतक्या हसलो की कंडक्टर बघत राहिला. झाडाखाली बसून ढेप गार होऊ दिली, चहावाल्याकडून सुरी मागितली आणि तुकडे करून विकले. तेव्हापासून प्रत्येक थरामध्ये कागद घालतो, पाक थोडा चढा ठेवतो आणि डबा मांडीवर घेतो.

घरीच बसून केलं असतं तर लाडू चांगलेच वाटले असते. गावात शेजारणीला वाटीत नेऊन द्यायला ते चांगलेच होते. लांब जायचं तर काय लागतं, ते आम्हाला रस्त्यानं दाखवलं.

आता गटाला समाजमंदिरामागची खोली मिळाली आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचून आणतो, वाळवतो आणि वर्षभर वड्या करतो. मुलींच्या एका वसतिगृहात त्या दर आठवड्याला जातात, नागपूरच्या दुकानातही जातात. ज्या बायका हसल्या होत्या, त्या आज माझ्याहून सरळ वडी कापतात.

नागपूरचा माल पोचवायला जाऊच जाते, एकटी. परवा तिचा फोन आला. मागे गाड्यांचा गोंगाट.

"काय झालं, बाई? गाडी बंद पडली का?"

"नाई वो. माल देऊन झाला. इथी संत्र्याची बर्फी खाऊन राह्यली. आपल्या वडीपेक्षा गोड आहे, पण तिले चावाले काही नाई."