जखमींचं काय?

"गाडी थांबली म्हणजे माणूस थांबला असं नसते, बाबू."

रस्ता ओलांडताना काकू हे म्हणायच्या आणि माझं मनगट घट्ट धरून ठेवायच्या. समोरचा कारवाला थांबलेला असे, हातानं 'चला, चला' करत असे, त्याच्या मागचे हॉर्न वाजवत असत. काकू मात्र त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभ्या. हा फोनवर बोलत नाही ना, याचं लक्ष खरंच आपल्याकडे आहे ना, याची खात्री पटेपर्यंत त्या पाऊल टाकत नसत. शेवटी कारवालाच कंटाळून निघून जाई.

"पाहिलं?" त्या म्हणत. "थांबला कुठं होता तो?"

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपण आधी त्याला हसतो, मग त्याचा कंटाळा करतो.

नाशिकहून मी नोकरीसाठी रायपूरला आलो आणि पुरानी बस्तीत काकूंच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला. काका-काकू मूळचे वर्ध्याकडचे. काका रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, मुलगी लग्न होऊन अमरावतीला. काका दिवसभर वर्तमानपत्र धरून बसत आणि क्वचितच बोलत. घरातलं सगळं बोलणं काकूंच्या वाट्याला आलं होतं, आणि सगळा संशयही. खोली देण्याआधी त्यांनी माझ्या आईला नाशिकला फोन करून माझी नावडती भाजी विचारून घेतली. मग तोच प्रश्न मला केला. उत्तरं जुळली तेव्हा किल्ली हातात ठेवली.

त्याच सुमारास शहरानं एक मोठी गोष्ट मनावर घेतली होती. रस्त्यावरच्या अपघातात एकही जीव जाऊ नये, असं ध्येय ठरलं होतं. त्याचा आराखडा करणाऱ्या एका खासगी ऑफिसात मी होतो. हे ऐकून कोणीही 'वा' म्हणे. काकूंनी मला जिन्यातच थांबवलं.

"कोण सांगून राहिलं हे?"

मी म्हटलं, शहराचा पाठिंबा आहे, सगळ्या पक्षांचा आहे.

"सगळे हव म्हणून राहिले? मग नक्की काही गडबड आहे," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

पाठिंब्याचा जाहीर कार्यक्रम एका सभागृहात झाला. फुलं, फलक, हात पुढे करून शपथ. लोकांचे प्रश्न घ्यायची वेळ आली तेव्हा मागच्या रांगेतून काकू उठल्या. त्या येणार आहेत हे मला ठाऊकही नव्हतं. मरणाऱ्यांचं तुम्ही बोलता, त्या हिंदीत म्हणाल्या, पण जे मरत नाहीत आणि पुन्हा उभेही राहत नाहीत, त्यांचं या कागदात काय आहे? मंचावरच्या साहेबांनी प्रश्न चांगला आहे म्हणून सांगितलं आणि चहा जाहीर केला.

त्यानंतर त्या प्रत्येक बैठकीला येऊ लागल्या. उरला या कारखान्यांच्या भागातल्या कामगारांची बैठक असो की बाजारातल्या व्यापाऱ्यांची, काकू मागे बसलेल्या आणि प्रश्न तोच. आमच्या ऑफिसात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे, बाईंना नगरसेवकाचं तिकीट हवं आहे. कोणी म्हणे, रस्ता रुंदीकरणात घर जातंय, म्हणून आधीच पाय रोवतायत. आमच्या वरिष्ठांना वाटे, ट्रकमालकांनीच योजना रेंगाळत ठेवायला पाठवलं असेल. एक दिवस त्यांनी मला आत बोलावलं. तू त्यांच्याच घरात राहतोस, जरा बघ काय भानगड आहे ते, असं म्हणाले.

मी बघू लागलो. संशयाचं एक बरं असतं, एकदा धरला की त्याला रोज खाऊ मिळतो. अंगणातल्या पत्र्याखाली एक कार ताडपत्रीनं झाकून ठेवली होती. चाकं बसलेली, पण विकायचं नाव नाही. भंगारवाल्यानं विचारलं तर काकू त्याला गेटाबाहेर घालवून येत. शिवाय महिन्यातून एकदा त्या भरलेली पिशवी घेऊन बसनं कुठंतरी जात आणि संध्याकाळी रिकामी पिशवी घेऊन परत येत. मी काकांना विचारलं. "देवीले जाते," ते वर्तमानपत्रामागून म्हणाले. कुठल्या देवीला, ते त्यांना माहीत नव्हतं.

एका रविवारी बसगाड्या कुठल्याशा सभेसाठी गेल्या होत्या. काकू स्टॉपवरून परत आल्या, थोडा वेळ अंगणात उभ्या राहिल्या आणि मग वर बघून मला हाक मारली. अभनपूरच्या अलीकडे एक गाव आहे, तिथं सोडशील का, असं त्यांनी विचारलं. मी लगेच हो म्हटलं. माझ्या या तत्परतेचाही त्यांना संशय आला असणार, पण दुसरा इलाज नव्हता.

जाताना माझ्या स्कूटरनं जरा वेग घेतला की पाठीवर त्यांचं बोट टोचे. "लग्न लागून नाही राहिलं तिथं," त्या म्हणत. रिकाम्या सरळ रस्त्यावर आम्हाला सायकलवालेही मागे टाकतात की काय, असं मला वाटू लागलं होतं.

गावात रस्त्यालगतच्या एका घरासमोर त्यांनी थांबवलं. ओसरीवर एक बाई बसली होती. समोर बिस्किटं, साबण, विडीची बंडलं असं लहानसं दुकान मांडलेलं, भिंतीला दोन कुबड्या टेकवलेल्या. तिचं नाव बिसाहिन. काकूंना पाहून ती हसली नाही, रागावली. एवढा उशीर का, असं काहीसं छत्तीसगढीत म्हणाली. काकूंनीही बसगाड्यांचा सगळा राग तिच्यावर काढला. मग पिशवीतून औषधाची बाटली, गुडघ्याला बांधायचा पट्टा आणि घरचं लोणचं बाहेर आलं. काकू खाली बसून तिच्या पायाला तेल चोळू लागल्या. दोघी एकमेकींना टाकून बोलत होत्या, पण हात थांबत नव्हता.

थोड्या वेळानं काकू आत चहा ठेवायला गेल्या. त्या घरात चहाचा डबा कुठं आहे हे त्यांना विचारावं लागलं नाही. बिसाहिननं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मी कोण ते विचारलं. मी सांगितलं, भाडेकरू. मग मीच विचारलं, तुमची आणि काकूंची ओळख कशी?

"इनके साहब की गाड़ी से ही तो लगा था मेरे को," ती म्हणाली.

शेतावरून येताना ती रस्ता ओलांडत होती. ती जगली, पण पाय गेल्यासारखेच झाले. काकू पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा तिनं त्यांना हाकलून दिलं होतं, नंतरही कितीतरी वेळा. केस मागं घ्यायला सांगायला आली असणार, असंच तिला वाटे. मग केस संपली, काका सुटले, आणि तरीही ही बाई पिशवी घेऊन येतच राहिली. तेव्हा बिसाहिनला पहिल्यांदा भीती वाटली, की आता हिला काय हवं असेल? हे सांगताना ती हसली आणि आत वळून तिनं काकूंना साखर कमी घालायला बजावलं.

परत येताना शहराची वस्ती सुरू झाली तेव्हा काकू मागून म्हणाल्या, "सांगितलं ना तिनं?"

मी मान हलवली.

"मी बाजूले बसली होती. गाडी जोरात चालून राहिली असं मले वाटलंच नाही. यांनाही नाही वाटलं. कोर्टालेही नाही वाटलं." पुढच्या वळणावर त्या म्हणाल्या, "कोणालेच वाटत नाही ना बाबू, म्हणून तर भीती."

सोमवारी वरिष्ठांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की भानगड काही नाही, काकूंना फक्त उत्तर हवं आहे. त्यांना ते पटलं नाही. पण आराखड्याच्या शेवटच्या मसुद्यात 'मृत्यू' या शब्दापुढे 'आणि गंभीर जखमी' हे शब्द आले. काकूंना मी ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, उलटून मागची बाजूही पाहिली. "लिहायले काय जाते," म्हणाल्या. पुरानी बस्तीत गाड्यांचा वेग कमी व्हावा म्हणून उंच केलेली क्रॉसिंग बांधली गेली, तेव्हाही त्यांनी चप्पल आपटून ती पोकळ नाही ना हे पाहून घेतलं आणि विचारलं, "इथं केलं, मग उरल्यात काहून नाही?" उरल्यातलं काम तो रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात, या चर्चेत अजून अडकलेलं आहे. म्हणजे त्यांचा संशय अगदीच चुकीचा नव्हता.

मागच्या थंडीत काकू तापानं आजारी पडल्या आणि आठवड्याच्या आतच गेल्या. अमरावतीची मुलगी आली, नातेवाईक आले. बिसाहिनला कळवायला मी अभनपूरच्या वाटेवरच्या त्या गावी गेलो. तिनं आधी विश्वासच ठेवला नाही. माझ्याकडे रोखून बघत राहिली, मग कुबड्या ओढून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑटोनं घरी आली. काका बाहेरच्या खोलीत एकटेच होते. कोर्टानंतर त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि बायको इतकी वर्षं कुठल्या देवीला जात होती हे त्यांना त्या क्षणी कळलं. मी दारातच होतो. काका उठले, त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे केली आणि स्वतः भिंतीशी जमिनीवर बसले. आतून मुलीनं चहा आणला. बिसाहिननं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

मग तिनं काकांना विचारलं, दीदीसारखे तुम्ही येणार का?

काका जमिनीकडे बघत म्हणाले, "मैं अब गाड़ी नहीं चलाता."

"बस त आथे, साहेब," ती म्हणाली. बस तर येते.