दोरापलीकडे

माझी पत्नी वारली तो सोमवार होता. त्यानंतरच्या उन्हाळ्यात पौडला तंबूतला सिनेमा आला. परदेशात भटकणाऱ्या एका वेंधळ्या प्रवाशाचा तो इंग्रजी विनोदी चित्रपट आम्ही दोघांनी पुण्यात पाहिला होता, म्हणून मी गेलो.

तंबूत मधोमध दोर बांधला होता. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. माझ्या शेजारी मुंडासं बांधलेला एक माणूस बसला होता. पडद्यावरचा प्रवासी फिरत्या दारात अडकला, कारंज्यात पडला, की हा मान वळवून दोरापलीकडे बघायचा. शेवटी तिकडून त्याची बायको ओरडली, "म्होरं बघा की! माझ्या तोंडावर लावलाय व्हय सिनेमा?"

सगळा तंबू हसला. तोही हसला. माझा चष्मा बघून म्हणाला, "मास्तर, आमाला इंग्रजी कुटं कळतंय? ती हसली, की मी हसतो."

पुण्यात माझी पत्नी शेजारच्याच खुर्चीत होती. मध्ये दोर नव्हता. तरी मी पडद्याकडेच पाहत राहिलो होतो.

तिचं त्या दिवशीचं हसू मला अजून ऐकू येतं. हसतानाचा चेहरा मात्र माझ्याजवळ नाही.