नऊ तारखेची खिडकी

आमच्या गल्लीतलं अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर, म्हणजे नाताळापर्यंतचे दिवस मोजायचं, भिंतीवर नसतं, घरांवर असतं. डिसेंबरच्या एक ते चोवीस तारखा घरं आपापसांत वाटून घेतात. ज्याची तारीख असेल त्याने रस्त्याकडची एक खिडकी सजवायची आणि संध्याकाळी सहाला उघडायची. बाकीच्यांनी आपापला मग घेऊन बाहेर उभं राहायचं, दोन गाणी म्हणायची, मसाले घातलेला गरम पुन्श प्यायचा आणि अर्ध्या तासात घरी जायचं. कोणी कोणाला आत बोलावत नाही. मला ही पद्धत पहिल्या वर्षापासून पटली. घर आवरावं लागत नाही आणि भांडी पडत नाहीत.

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन शहरातून बसने येता येईल एवढ्या अंतरावरचं हे गाव. मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटी बघते. इथे घर घेतलं ते स्वस्त होतं म्हणून; शेजार कसा आहे हे बघायला तेव्हा वेळ नव्हता. शेजारी निघाल्या एक ऐंशी ओलांडलेल्या बाई, एकट्या राहणाऱ्या. गल्लीतलं खिडक्यांचं कॅलेंडर त्यांनीच सुरू केलेलं.

कॅलेंडरचा इतिहास मला कळला तो त्यांच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या आजीच्या लहानपणी कॅलेंडर नव्हतंच. कपाटाच्या दारावर आतून खडूच्या रेघा ओढायच्या आणि नाताळापर्यंत रोज एक पुसायची. बाईंच्या वेळेपर्यंत छापील कॅलेंडर आलं होतं, कागदी दारांचं, प्रत्येक दारामागे एक चित्र. सहा जानेवारीला सण संपला की आई सगळी दारं लावून ते जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायची, पुढच्या वर्षासाठी. "चित्रं आम्हा भावंडांना तोंडपाठ होती," बाई म्हणाल्या. "तरी आज दार कोण उघडणार यावरून रोज मारामारी." चॉकलेटचं कॅलेंडर त्यांना मान्य नव्हतं. ते पोरं दोन दिवसांत फस्त करतात, मग वाट कसली बघणार.

गेल्या शरद ऋतूत या बाई तळघराच्या जिन्यावर घसरल्या. हाड मोडलं नाही, पण पाय मुरगळला आणि वर येता येईना. दुपारभर तिथेच बसून राहिल्या. आम्हा कोणाला पत्ता नाही. हँबुर्गला राहणाऱ्या त्यांच्या मुलाला हे कळलं तेव्हा त्याने आपल्या घराजवळच्या वृद्धनिवासात खोली बघितली. खोली जानेवारीत रिकामी होणार होती. हो की नाही ते नाताळाआधी कळवायचं होतं.

"मला माझं घर अंधारातही सापडतं," बाई कुंपणावरून मला म्हणाल्या. "तिथे मला लिफ्टचं बटण शोधावं लागेल."

"तुमच्या मुलाचं काही चुकत नाही," मी म्हटलं.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्याच सुमारास माझ्या सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आल्या. भाषा येत नाही, बाहेर थंडी, मुलगा-सून कामावर, नात शाळेत. त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्ची मांडली आणि गल्लीचा कारभार हाती घेतला. कोणाचा कुत्रा कधी फिरायला जातो, कोण कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवतो, हे मला घरी आल्यावर ऐकायला मिळे. शेजारच्या बाईंवर त्यांचं खास लक्ष. इथल्या खिडक्यांना बाहेरून पट्ट्यांचं शटर असतं, आपल्याकडे दुकानांना असतं तसं. बाईंचं शटर सकाळी सातला वर जायचं. "तिचं शटर वर गेलं की मी चहा टाकते," सासूबाई म्हणाल्या. दोघी एकमेकींना हात करायच्या. ओळख एवढीच.

नऊ तारीख बाईंची होती. मी सासूबाईंना सांगितलं होतं की संध्याकाळी सहाला शेजारी खिडकी बघायला जायचंय. ज्याची तारीख असते तो दिवसभर शटर खाली ठेवतो, आत काय आहे ते कोणाला दिसू नये म्हणून, हे सांगायचं मला सुचलं नाही. मी त्या दिवशी घरून काम करत होते. वरच्या खोलीत मीटिंग चालू असताना खालून धडधड आवाज आला. मला वाटलं रस्त्याचं काम सुरू झालं.

खिडकीतून पाहिलं तर सासूबाई. साडीवर माझ्या नवऱ्याचं जाकीट, पायात मोजे आणि बाथरूमच्या चपला, आणि बाईंच्या शटरवर दोन्ही हातांनी ठोकणं चाललेलं. "अहो बाई! ऐकू येतंय का? अहो, आवाज तरी द्या!"

मी मीटिंग सोडून धावले. मी पोचेपर्यंत शटर वर गेलं होतं. आत बाई उभ्या, हातात डिंकाचा ब्रश, चेहऱ्यावर संताप. त्यांच्यामागे काळ्या पुठ्ठ्यात कापलेली आमची सगळी गल्ली, खिडक्यांच्या जागी रंगीत पातळ कागद. अर्धी घरं अजून चिकटवायची होती. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं आणि मग सहा बोटं वर केली.

"काय म्हणतेय ती?"

"आई, सहा वाजता उघडायची असते. मुद्दाम बंद ठेवली होती त्यांनी."

"सहा वाजता? आणि आत पडली असती तर? सहापर्यंत तिथेच पडून राहायचं का मुहूर्ताची वाट बघत?" सासूबाई जराही वरमल्या नाहीत. "आमच्या सोसायटीत नऊपर्यंत दुधाची पिशवी दाराला लटकलेली दिसली की बेल वाजवतात. तुमच्याकडे काय पद्धत आहे, विचार तिला."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं, मुहूर्त वगळून. बाईंचा मुलगा तोपर्यंत दारात येऊन उभा राहिला होता. खिडकीसाठी आणि खोलीचा निर्णय घेण्यासाठी तो आदल्या रात्री उशिरा आला होता. त्याने विचारलं, "त्यांना कसं कळलं शटर वर गेलं नाही ते?"

"रोज बघतात."

"रोज?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई आतून म्हणाल्या. "रोज सातला. मी जरा उशीर केला तर खुर्चीतून उठून उभी राहते ती." मग त्यांनी शटर धाडकन खाली घेतलं. काम राहिलं होतं.

संध्याकाळी खिडकी उघडली ती सुंदर होती. सासूबाईंनी पुन्श हुंगला, वाइन आहे हे कळल्यावर माझ्या मगात ओतला, आणि समोरच्या पुठ्ठ्याच्या गल्लीत आपलं घर शोधलं. "आपलं धुरांडं वाकडं काढलंय," त्या म्हणाल्या.

मुलगा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "तुमच्या सासूबाई इथे किती दिवस आहेत?"

"जानेवारीअखेर जातील."

"आणि मग?"

प्रश्न रास्त होता. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मी सातच्या आधी निघते. नवराही. मला रोज बघता येणार नाही."

त्याने मान हलवली, आईसारखीच. तो काही दुष्ट नव्हता. त्याला फक्त लांबून काळजी करायचा कंटाळा आला होता.

मी भोवती पाहिलं. वीसेक माणसं मग धरून उभी होती. सगळे दर वर्षी एक तारीख न चुकता सांभाळणारे. मी जरा मोठ्याने विचारलं, "नाताळानंतर आठवड्यातला एकेक वार कोण घेईल? काम एवढंच, साडेआठपर्यंत हे शटर वर गेलंय का बघायचं. नसेल तर बेल वाजवायची."

दोघातिघांनी आपापल्या मगात पाहिलं. इथे दुसऱ्याच्या घरात डोकावणं शिष्टसंमत नाही. मग समोरचे बेकरीवाले म्हणाले, "मी पहाटेपासून जागाच असतो. मंगळवार माझा." कोपऱ्यावरच्या घरातल्या शिक्षिकेने शुक्रवार घेतला. रविवार मी घेतला, कारण रविवारी मी घरी असते. उरलेले वारही मग वाटले गेले.

"आल्झो, म्हणजे माझ्यावर पाळत ठेवणार," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण नुसतं लांबून बघून जायचं नाही. ज्याचा वार, त्याने आत येऊन कॉफी घ्यायची."

बाहेर उभं राहायची सोय माझ्यापुरती तिथेच संपली. सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग काय, लोक आत यायलाच हवेत. इतकी वर्षं तुम्ही सगळे अंगणात काय करत होतात?"

मुलाने खोलीचा विचार सोडला नाही, पण ईस्टरपर्यंत थांबायची तयारी दाखवली. वृद्धनिवासाने त्याच्या आईचं नाव प्रतीक्षा यादीत खाली ढकललं. तेवढं चालण्यासारखं होतं.

फेब्रुवारीत एका मंगळवारी शटर खरंच वर गेलं नाही. बेकरीवाल्यांनी बेल वाजवली, मग ठोकलं, मग मला कामावर फोन केला. बाईंनी आपल्या घराची एक किल्ली माझ्या मुलीकडे देऊन ठेवली होती. मी कळवताच ती शाळेची बस सोडून परत आली. बाईंना ताप होता, उठवत नव्हतं. डॉक्टर आले, औषध सुरू झालं, आठवड्याभरात त्या माझ्या मुलीवर ओरडण्याइतक्या बऱ्या झाल्या, शाळा का बुडवलीस म्हणून. मी बाईंच्या मुलाला फोन करून सगळं जसंच्या तसं सांगितलं. काही लपवलं नाही. त्याने एकच विचारलं, किती वाजता कळलं. मी वेळ सांगितली.

ईस्टरला तो आला तेव्हा गाडीत ड्रिल मशीन होतं. त्याने तळघराच्या जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसवला, दिवा बदलला आणि मला विचारलं की सोमवार कोणाकडे आहे, कारण तो वार त्याला हवा होता; सोमवारी सकाळी तो स्वतः आईला फोन करत जाणार होता.